डोंगराकडची भिंत

९ फेब्रुवारी, रविवार
कंबरडं मोडलं! पण मागच्या बाजूचं गवत कापून झालं एकदाचं. मुलुंडला राहते म्हटलं की ऑफिसात सगळ्यांना टॉवर दिसतो. आमचं बैठं घर जंगलाच्या हद्दीला टेकलेलं, मागे डोंगर. शिमग्याच्या सुमारास तो कुठे ना कुठे पेटतोच. गेल्या वर्षी वणवा कुंपणापर्यंत आला होता. माझा नवरा नितेश होता तोवर हे सगळं तोच बघायचा. आता घरात मी आणि सासरे, दोघंच.

१० फेब्रुवारी
हाताला फोड. तरी झकास वाटतंय!

१६ फेब्रुवारी
पन्हाळीतला पाला काढला. पावसाळ्यापासून छपरावर पडून असलेली ताडपत्रीही उतरवली. खाली येऊन बघते तर मामंजींनी सगळा पातेरा गोळा करून स्वयंपाकघराच्या भिंतीला रचलेला! भाजावळीसाठी म्हणे. गावी पेरणीआधी सुका पाला पसरून जमीन भाजतात, ती. इथे शेती म्हणजे वांग्याची चार रोपं!
"मामंजी, घराला चूड लावताय का?"
"पातेरो कोण टाकता गो?"


१८ फेब्रुवारी
ढीग हलला! स्वतःच उचलून पार खाली, नळापाशी नेऊन ठेवलाय. बरं वाटलं.

२ मार्च
ड्रम भरले, पाइप जोडून ठेवला. मामंजींना बजावलं — धूर दिसला की गल्लीच्या खालच्या टोकाला शकुमावशीकडे जायचं.
"घर टाकून मी खंय जावचंय नाय."
गिरणीच्या पगारातून बांधलंय त्यांनी, कळतं मला. पण मला घराची धास्ती नाही. ह्या हट्टी माणसाची आहे.

९ मार्च, रविवार
पेटला!
दुपारी अंगणात राख पडायला लागली. भिंतीवर पाणी मारलं, सिलेंडर बाहेर काढला. गल्लीतले ओरडत होते, "बाहेर पडा!" मामंजी खाटेवर ढिम्म. विनवलं, चिडले, रडलेसुद्धा. "तू जा," एवढंच.
शेवटी देव्हाऱ्यातला कुळाच्या देवाचा नारळ उचलला — त्याला ते कुणाला हात लावू देत नाहीत! "देव चालले शकुमावशीकडे. पूजा कोण करणार?" म्हटलं आणि तडक निघाले. मागे बघितलंच नाही. उतारावर चपला वाजल्या. मामंजी!
गवत कापलं होतं तिथे आग अडली. बंबवाले आले, जंगलखात्याची माणसं ओल्या फांद्यांनी झोडपत होती. डोंगराकडची भिंत काळी पडलीय, बाकी घर शाबूत. त्या माणसांना, शकुमावशीच्या चहाला, देवाला — सगळ्यांना हात जोडले. किती जणांचे उपकार मानू!

११ मार्च
आज नारळ परत देव्हाऱ्यात ठेवला. मी म्हटलं, "देवानेच उठवलं तुम्हाला."
मामंजी फुलं वाहत होते. वर न बघता म्हणाले —
"नारळ दुसरो गावता गो. माका न्हेऊक तू परत भितुर येतलंस, ह्या ठावक होता. म्हणान उठलंय."