पान एकवीसवरचा हात

क्लीव्हलँड,
सोमवार, ८ फेब्रुवारी १९८८

प्रिय क्लाइड,

तुझं पार्सल सकाळी पोचलं. तू आणि बेटी बरे असाल. इथे बर्फाने दार अर्धं बुजलंय. शेजारच्या मिसेस डोब्रिक अजून मॅकरोनीची भांडी आणून देतात आणि मी ती मांजराला घालते. मांजर जाड झालंय. वर्तमानपत्रवाल्यांनी डोकं उठवलं होतं म्हणून फोनची वायर काढून ठेवलीय, तेव्हा पत्रच लिहायला बसले, आजच्या कुरिअरने पाठवते.

चित्रं नेहमीसारखी झकास. बंदरावरचं धुकं तुझ्याशिवाय कुणाला जमायचं नाही. आता पान एकवीस, आपल्या कॉमिकच्या या अंकाचं शेवटचं.

क्लाइड, तुला वेड लागलंय का?

ते पान बघितलं आणि कॉफीचा कप बाजूला ठेवला. धान्याच्या कोठाराच्या उंच छपरावर आपला नायक हार्बरमन ओणवा झालाय, खाली खलनायक डॉक्टर मोल्ट कोसळतोय, आणि हार्बरमनचा हात उघडा. बोटं पसरलेली. सोडून दिलं त्याने! एकोणीस वर्षं तू आधी चित्रं काढतोस आणि मी मागून त्यात संवाद भरते, पण या माणसाने आजवर कुणाचा जीव घेतला नाही. एरवी पानाच्या समासात तू मला बारीक अक्षरात सांगतोस, इथे तो चिडलाय, इथे त्याचा गुडघा दुखतोय. नेमका याच पानाचा समास कोरा. म्हटलं, लिहायची लाज वाटली असेल.

टोलेडोच्या त्या पोराचं पत्र आठवतं? 'मोल्ट दर वसंतात तुरुंगातून पळतो. मागच्या वेळी त्याने माणसांनी भरलेली बोट बुडवली. ती माणसं कुणी मारली, मोल्टने की त्याला जिवंत ठेवणाऱ्या हार्बरमनने?' आपण वाचकांच्या पानावर साळसूदपणे उत्तर छापलं, हार्बरमन न्यायाधीश नाही. खरं उत्तर तुला-मला ठाऊक आहे. मोल्ट नसला की अंक खपत नाही. आपल्या तुरुंगाच्या भिंती पुठ्ठ्याच्या, कारण मे महिन्यात तो आपल्याला परत लागतो. ऑगी यावर पोट धरधरून हसायचा. पण त्याच्या दुकानात कुणी गिऱ्हाईक म्हणालं की मोल्टला एकदाचा मारून टाका, तर त्याच्याशी तासभर हुज्जत घालायचा. म्हणायचा, "मारायचंच असेल तर तो झगा आणि मुखवटा कशाला? बंदूक घेऊन कुणीही मारतं."

कुणीही मारतं. नोव्हेंबरात त्याच दुकानात, त्याच कॉमिक्सच्या मांडणीसमोर माझ्या नवऱ्याला मारलं.

मघापासून इकडचं तिकडचं लिहितेय, कारण पुढचं लिहायला नको वाटतंय. सरकारी वकील हॅनरहन शुक्रवारी येतोय. ऑगीला गोळी घालणारा तो (त्याचं नाव मी लिहिणार नाही) गुन्हा कबूल करायला तयार आहे, जन्मठेपेवर भागणार असेल तर. नाहीतर हॅनरहन त्याच्यासाठी विजेची खुर्ची मागणार. मला म्हणाला, "बाई, तुम्ही सांगाल तसं करतो. तुमच्या शब्दाबाहेर जाणार नाही." शुक्रवारी त्याला उत्तर हवंय.

आणि तू हे पान पाठवतोस. आपल्या दोघांत तू मवाळ. पिंजऱ्यात उंदीर सापडला तर तो परसात नेऊन सोडणारा तू. तुलाही आता असंच वाटायला लागलं असेल, तर मी कशाला संकोच करू? धक्का बसला, नाही म्हणत नाही. पण संवाद बसल्या बैठकीला लिहून झाला, इतका सोपा आजवर कुठला गेला नव्हता. हार्बरमन म्हणतो, 'आता पुरे, डॉक्टर.' हॅनरहनला मी तेच सांगणार आहे, खुर्चीच मागा.

तुझा राग आला. आधारही वाटला.

तुझी,
नोरीन


न्यू हेवन,
मंगळवार

नोरीन,

फोनची वायर लाव आधी. दुपारपासून फिरवतोय, नुसता वाजतोय. मी स्वतः आलो असतो, पण या बर्फात इतक्या लांब गाडी हाकणं मला जमणार नाही. कुरिअरवाला उद्या पोचवतो म्हणालाय.

तुझं पत्र बेटीला वाचून दाखवलं तर तिने मला तसंच लिहायला बसवलं. मला तर अजून खरं वाटत नाहीये. ते पान पुन्हा काढ. हात बघू नकोस, पाय बघ. त्याचा डावा पाय मी कठड्याच्या गजात अडकवलाय. कुणाला खाली टाकायचं असेल तर माणूस स्वतःचा पाय कशाला अडकवेल? खांदा बघ, निखळायला आलाय. तो त्याला पकडतोय गं. मोल्ट घसरला आणि हा त्याच्यामागे झेपावला. बोटं पसरलीत ती धरायला.

समासात लिहिलं नाही, कारण लिहिणार काय? एकोणीस वर्षांत त्याने दुसरं काही केलंय का? तुला हे सांगावं लागेल असं मनातही आलं नाही.

त्या माणसाला खुर्चीत बसव असं मी म्हटलेलं नाही. बसवू नकोस असंही सांगणार नाही, ऑगी तुझा नवरा होता. दफनाच्या दिवशी त्या खुन्याचा गळा आवळावासा मलाही वाटला, अजून वाटतो. पण माझं मत म्हणून ते पान वकिलापुढे ठेवू नकोस, एवढं ऐक. काय सांगायचं ते सांग, पण तुझं म्हणून सांग.

क्लाइड


क्लीव्हलँड,
शनिवार, १३ फेब्रुवारी

प्रिय क्लाइड,

पाय बघितला. भिंग लागलं नाही. इतका ढळढळीत आहे. सोमवारी दिवसभर ते पान माझ्यासमोर होतं. पाय तिथेच होता, आणि मला दिसला नाही.

हॅनरहन काल आला. ओव्हरकोटही न काढता बसला.

मी म्हटलं, "जन्मठेप होऊ द्या."

त्याने विचारलं, "नक्की? मला वाटलं होतं तुम्ही उलट सांगाल."

"मलाही तसंच वाटलं होतं."

"म्हणजे माफ केलंत त्याला?"

"छे."

"मग घाबरलात की काय?"

"घाबरले," मी म्हटलं. "त्याला नाही."

त्याला काही कळलं नाही. उगाच मान हलवून गेला बिचारा. त्याला कसं सांगू, की एक माणूस दुसऱ्याला वाचवत होता आणि मला त्यात खून दिसला? आणि दिसला तेव्हा बरं वाटलं, क्लाइड. नोव्हेंबरानंतर पहिल्यांदाच बरं वाटलं. हे मी तुझ्याशिवाय कुणाला सांगणार नाही. असल्या डोळ्यांनी बघून मी कुणाच्या जिवाचा निकाल कसा देऊ?

रात्री झोप लागली नाही. ऑगीला मारणारा आता म्हातारा होणार, जेवणार, ऊन बघणार, आणि ते माझ्या शब्दावर. चांगलं केलं असं मला अजिबात वाटत नाहीये.

पानावरचा संवाद खोडला. हार्बरमन आता 'हात दे' एवढंच म्हणतो. पुढच्या अंकात मोल्टला जिवंत काढ. मी त्याला एक शब्दही बोलू देणार नाही.

माफ न केलेली,
नोरीन