शिक्षिका क्रमांक एक

ती. ताई,

नमस्कार. आशीर्वाद द्यायचा की नाही ते पत्र शेवटपर्यंत वाचून ठरव. आधीच देऊन टाकलास तर परत घेता येत नाही. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तू करत नसणार, हे मला इथे बसून कळतं. भाऊजींचा खोकला थांबला असेल तर उत्तम. नसेल तर त्यांना सांग की खिडकीत बसून वर्तमानपत्र वाचल्याने तो थांबणार नाही. आम्ही सगळे ठीक आहोत. निदान मागच्या महिन्यापर्यंत होतो.

विषय तुझ्या भाचीचा आहे. (‘माझी मुलगी’ असं लिहिणार होते, पण पुढे जे उघडकीस आलं त्यावरून ती तुझीच जास्त दिसते.) कन्या गणित घेऊन विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला आहे, एवढंच मला ठाऊक होतं. महिन्यापूर्वी तिच्या वागण्यात फरक पडला. जेवताना ती प्रश्न विचारायची आणि मग गप्प बसून समोरच्याकडे बघत राहायची. एकदा ह्यांना म्हणाली, “बाबा, तुम्हाला काय वाटतं?” आता ह्यांना काय वाटतं, हे बावीस वर्षांत या घरात कुणी विचारलेलं नाही; मी सांगते, ते मान डोलावतात, अशी चांगली घडी बसलेली आहे. पण ही थांबली. थांबूनच राहिली. शेवटी ह्यांनी हातातला घास खाली ठेवला आणि आपल्याला बैठकीतले पडदे मुळीच आवडत नाहीत असं जाहीर केलं. अकरा वर्षं लटकताहेत ते पडदे! माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. मुलगी इतक्या शांतपणे ऐकून घ्यायला लागली की एकतर तिने काही फोडलेलं असतं, नाहीतर कुणीतरी मुलगा असतो. कपबशा पाहिल्या, सगळ्या जागेवर होत्या. म्हणजे मुलगा.

त्यात ती रोज चार वाजता माझ्या शिकवणीच्या खोलीत येऊन मागच्या कोपऱ्यात बसू लागली. का, तर म्हणे इथे वारा छान येतो. (त्या खोलीला एकच खिडकी आहे आणि मुलांचं लक्ष बाहेर जातं म्हणून ती मी बंद ठेवते.) मांडीवर वही, हातात पेन, नजर घड्याळावर. मी कुणाच्या वह्या वाचत नाही, हे तू जाणतेस. पण सव्वीस वर्षं वह्या तपासल्यावर उघडी वही दिसली की हात आपोआप जातो. आणि ही वही तर नुसती स्वेटरांच्या घडीखाली, उशीच्या अभ्र्यात घातलेली होती, म्हणजे जवळजवळ उघडीच.

वहीत मुलगा नव्हता. असता तर परवडलं असतं. वहीत मी होते. नावाने नाही; ‘शिक्षिका क्र. १’ म्हणून. ‘४.०७. शिक्षिका क्र. १ ने प्रश्न विचारला. थांबली: एक सेकंद. उत्तर: शिक्षिका क्र. १.’ ‘४.०९. प्रश्न. थांबली: अर्धा सेकंद. उत्तर: शिक्षिका क्र. १.’ अशी आठ पानं! मधेच ‘दोन वेण्यांच्या मुलीने तोंड उघडले, मिटले.’ शेवटी एक छापील कागद टाचलेला होता, त्यावरून समजलं की गणिताच्या जोडीला बाईसाहेबांनी शिक्षणशास्त्र हा दुय्यम विषय घेतलाय. वर्ष झालं. मला न विचारता.

ताई, शिकवायचं कसं हे शिकायला लागतं का? विषय यावा लागतो आणि आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचावा लागतो. मी बी.एस्सी.चा निकाल हातात पडला त्याच आठवड्यात फळ्यापुढे उभी राहिले. माझ्या हाताखालून गेलेलं एकही मूल गणितात नापास झालेलं नाही. (एक झालं होतं. पण ते परीक्षेला गेलंच नव्हतं.)

दुसऱ्या दिवशी मी तक्रार करायला विद्यापीठात गेले. विद्यापीठ म्हणजे तीन इमारती आणि मधे सायकली. शिक्षणशास्त्र कुठे म्हणून शिपायाला विचारलं, तर तो म्हणाला, “दुय्यमवाले ना? सहाच जण आहेत. ग्रंथालयाच्या मागे जा, भूगोलाच्या खोलीत असतात.” तास चालू होता. मी मागच्या दाराने आत शिरले आणि नकाशाखाली बसले. मला कुणी उठवलं नाही. सहसा कुणी उठवत नाही. प्राध्यापक म्हणजे तिशीतला काडीपैलवान. त्याने विचारलं, मुलाचं उत्तर चुकलं तर शिक्षकाने सर्वांत आधी काय करावं? आणि गप्प उभा राहिला. मला वाटलं, बिचारा पुढचं विसरला. त्याची लाज राखावी म्हणून मी सांगितलं, बरोबर उत्तर सांगावं. त्याने “हं, आणखी?” म्हटलं आणि पुन्हा गप्प. स्वतः उत्तर न देणारा मास्तर! नक्की कुठेतरी पाणी मुरतंय, असं मनाशी म्हणत मी दुसऱ्यांदा उत्तर दिलं. तिसऱ्यांदा तोंड उघडलं, तेव्हा पहिल्या बाकावरून, मागे वळूनही न बघता, ओळखीचा आवाज आला. “आई, प्लीज. थांब ना जरा!” सहाही जणांनी माना खाली घालून काहीतरी लिहून घेतलं.

मग मी थांबले. सेकंद किती लांबलचक असतो याची तुला कल्पना नाही. चौथ्या सेकंदाला जीभ वळवळली. सातव्याला मी नकाशातल्या नद्या वाचायला घेतल्या. अकराव्या सेकंदाला भिंतीकडेची एक मुलगी, जिचा आवाज तिच्या मैत्रिणींनीही क्वचितच ऐकला असेल, हळूच म्हणाली, “त्यालाच विचारायचं, हे उत्तर तुला कसं मिळालं?” उत्तर चांगलं होतं. मला त्याचा रागच आला.

तास संपल्यावर व्हरांड्यात कन्येला धरलं. तेव्हा कळलं की महिनाअखेरपर्यंत तिला खऱ्या मुलांपुढे एक सराव पाठ घ्यायचाय, नाहीतर हा विषय तिच्या हातचा जाणार. आणि तो पाठ तुझ्या शेजारणीच्या शिकवणीत ठरलाय. ठरवला कुणी? तू! मी म्हटलं, माझा वर्ग का नाही मागितलास? ती म्हणाली, “मागितला असता तर तू काय म्हणाली असतीस?” आणि थांबली. (बघ! जन्मदात्या आईवर प्रयोग.) मग म्हणते, “मावशी म्हणाली, आईला सांगू नकोस, ती तुझा पाठ स्वतःच घेऊन टाकेल.” वर्षभर तुला माहीत होतं, ताई, आणि दर रविवारी फोनवर माझ्याशी तासतासभर गुडघ्याबद्दल बोललीस!

तर आता ऐक. शेजारणीला नाही म्हणून कळव. पाठ माझ्याच वर्गात होईल, येत्या गुरुवारी चार वाजता, अपूर्णांकांची बेरीज. विद्यापीठाच्या संमतीपत्रावर मी सही केली आहे. कन्येची अट एकच: पाठाच्या चाळीस मिनिटांत मी एक अक्षर बोलायचं नाही. मी अर्थातच कबूल केलं. त्यात अवघड असं काही नाही.

भाऊजींना नमस्कार. तुला तूर्तास नाही, तरीही

तुझीच,
धाकटी

ता. क. गुरुवारी तू ये. सबबी चालणार नाहीत, रिक्षा दारापर्यंत येते. मागच्या बाकावर माझ्या शेजारी बस आणि मी तोंड उघडलं की दंडाला चिमटा काढ. लहानपणी पाहुण्यांसमोर काढायचीस तसा, पिळून. ह्यांना विचारलं होतं, पण त्यांच्या हातून ते व्हायचं नाही.

आणखी एक. ती मधेच अडली आणि वळून माझ्याकडे बघायला लागली, तर चिमटा मुळीच सोडू नकोस.