सोळा मुली, शून्य ताप

१२ सप्टेंबर २००६, मंगळवार
नगरपालिकेच्या नर्स सिंधुताई होस्टेलवर येऊन गेल्या. लातुरात डेंग्यू आहे म्हणे. गेटवर लावायला कागद दिला: 'ताप आल्यास घाबरू नका, लगेच सांगा.' काय ही मिळमिळीत भाषा! वॉर्डन होण्याआधी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलंय मी. असल्या वाक्याला मुली जुमानतात होय? कागद ड्रॉवरमध्ये टाकला. लाल पेंटने स्वतः बोर्ड लिहिला: 'ताप आलेल्या मुलीस त्याच दिवशी घरी पाठवण्यात येईल.' याला म्हणतात सूचना.

१३ सप्टें.
मेसमध्ये विचारलं, कुणाला ताप? सोळापैकी एकही हात वर नाही. एका दिवसात रिझल्ट.

१६ सप्टें.
शून्य. पलीकडच्या होस्टेलात सहा जणी आजारी. तिथे तोच सरकारी कागद लावलाय. म्हटलं ना!
बायको, विशाखा, म्हणाली, होस्टेलातली पुनम दोन दिवस जेवली नाही. आमच्या बाईसाहेबांना माझ्या शिस्तीत खुसपट काढायचंच असतं. सीईटीच्या टेस्ट चालू आहेत, भूक कुठून लागणार?

१७ सप्टें., रविवार
शून्य. मेडिकलवाला बसवंत म्हणाला, सर, तुमच्या पोरी तापाच्या गोळ्या लई न्यायला लागल्यात. सांगितलं, डोकेदुखीलाही त्याच चालतात. फिजिक्सची टेस्ट आहे बाबा.
संकल्प: बोर्डाचा मजकूर कलेक्टरसाहेबांना पाठवणे. जिल्हाभर लागला पाहिजे.

१९ सप्टें.
पुनम क्लासमध्ये कोसळली. प्लेटलेट्स बावीस हजार. आयसीयू. डॉक्टर म्हणाले, चार दिवस आधी आणायची.
विशाखाने खोल्या फिरून कपाळं तपासली. आणखी पाच जणी तापलेल्या. मुली इतक्या खोटं बोलतात हे मला ठाऊक नव्हतं.

२० सप्टें.
किल्लारीहून पुनमचे वडील आले, शेषेराव. भूकंपात बायको गेली, तेव्हापासून ही एकच लेक. वाटलं, गचांडी धरतील. उत्तर तयार ठेवलं होतं. ते बाकावर बसले. मग म्हणाले, सर, पोरीनं फोनवर सांगितलं व्हतं, ताप हाय म्हणून. मीच म्हणलो, गप ऱ्हा, सर घरी धाडतील, साल वाया जाईल.


२१ सप्टें.
पुनम अजून आयसीयूतच. बोर्ड विशाखाने उतरवला. मी अडवलं नाही.
सकाळपासून अंग ठणकतंय. थर्मामीटर लावला, एकशे दोन. वॉर्डनलाच ताप म्हटल्यावर उरलेल्या मुलींना पालक नेतील. उद्या बघू.
विशाखाने विचारलं, डोळे का असे? जागरण म्हणालो. तिने कपाळाकडे हात आणला. मी मान फिरवली.