यादीतले वीस शब्द

१२ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या भाचीने मैदान मारलं! तपासणीत वीसच्या वीस शब्द म्हटले. तुझ्या ओळखीच्या त्या वाचातज्ज्ञ बाईंनी गाल फुगवायला लावले, जीभ हलवून घेतली, मग चित्रं दाखवली. साडेतीन वर्षांचीच आहे, बोलेल हळूहळू, असं म्हणाल्या. पोर बोलत नाही म्हणून टोमणे मारणाऱ्या सासूबाईंचं तोंड बंद झालं, माझा जीव भांड्यात पडला.

आता गुपित सांगते, रागावू नकोस. मागे आले तेव्हा तुझ्या दवाखान्यातल्या टेबलावरची तपासणीच्या चित्रांची यादी उतरवून घेतली होती. दोन महिने रोज सकाळी घोटून घेतली. शिवाय खुणा बंद. काय हवं ते तोंडाने मागायचं, असा नियमच केलाय.

माझ्या लबाडीसकट लोभ असू दे.

तुझी,
धाकटी

२० जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

आधी हसले, मग तुझं पत्र पुन्हा वाचलं. अगं, ती यादी पाठ करायची नसते. नवा शब्द जुळवताना ओठ-जीभ चुकतात का, तेच तर आम्हाला बघायचं असतं. तिला 'प-ट-क' भरभर म्हणायला सांग. दर वेळी निराळंच आलं, तर हयगय नको. बाईंना खरं सांगून टाक, माझ्या अब्रूची काळजी करू नकोस.

उत्तराची वाट पाहणारी,
ताई

३ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उत्तराला जवळजवळ वर्ष लावलं. तुझं पत्र आलं त्याच दिवशी तिला 'प-ट-क' म्हणायला सांगितलं होतं. एकदा 'त-प' आलं, एकदा नुसतंच तोंड उघडलं. पत्राची घडी घालून कपाटात ठेवली. घरभर पेढे वाटल्यासारखी मिरवले होते ना.

काल पुन्हा तपासणी झाली. या वेळी अर्थ नसलेले शब्द होते. बाईंच्या तोंडाकडे बघत ती ओठ जुळवत राहिली, आवाज फुटेना. मी सगळं कबूल केलं. जीभ धड आहे, पण कोणत्या आवाजामागे कोणता, हे मेंदूकडून तिला नीट पोचत नाही, असं बाई म्हणाल्या. सराव वर्षानुवर्षं करावा लागेल. मागच्याच वर्षी कळलं असतं तर, एवढं बोलून थांबल्या. ताई, पोरीचं ते वर्ष मी खाल्लं.

घरी आल्यावर ती माझ्यासमोर ताठ उभी राहिली आणि यादी म्हणू लागली. मी टाळ्या वाजवल्या. तिने पुन्हा पहिल्यापासून म्हटली. तिसऱ्या वेळी तिला रडू फुटलं, आणि घाबरत घाबरत तिने नळाकडे बोट केलं.

यादीत 'पाणी' नव्हतं.

लोभ ठेव म्हणायला तोंड नाही, तरी ठेव.

तुझी,
धाकटी