दोन पात्यांचा परशू

२२ एप्रिल, पुसद

नात भैरवी पुण्याहून आली. गळ्यात चांदीचे पदक — दोन पात्यांचा परशू! आजच्या मुलींत अशी भार्गवभक्ती? डोळे भरून आले. परशूला पाते एकच असते, हे मी जन्मभर लोकांस बजावीत आलो. परंतु अभिमानापुढे मूर्तिशास्त्र किती टिकणार? दुसऱ्या पात्याचा अर्थ तत्काळ लाविला : परशुराम शापानेही जिंकतो आणि शरानेही; म्हणून एक पाते शापाचे, एक शराचे.

२४ एप्रिल

देवळात विमलताई भेटल्या. त्यांचा भाचा अनिकेत लग्नाचा आहे. पदकाचे साग्र वर्णन करून मी भैरवीचे नाव पुढे केले.

"यज्ञेश्वरभाऊ, अशी भाविक पोरगी आमाले कुठं भेटते!"

रविवारी पाहावयास या, असे सांगून मोकळा झालो. मुलीस विचारणे तेवढे राहिले. आप्तवाक्य मी प्रमाण मानतो. मात्र आप्त म्हणजे मीच.

२५ एप्रिल

भैरवीने ऐकून घेतले. मग म्हणाली, "आबा, हा परशुरामाचा नाही."

तिने सांगितले ते असे. फार प्राचीन काळी, ग्रीसकडील क्रीट बेटावर, ही कुऱ्हाड देवीची खूण होती. गेल्या शतकात तिकडच्या एका हुकूमशहाने ती आपल्या युवकदलास दिली. पुढे स्त्रियांवर प्रेम करणाऱ्या स्त्रियांनी ती आपलीशी केली.

"आणि तू?"

"मी त्यांच्यातलीच. गुंजन माझी नुसती मैत्रीण नाही, आबा. अनिकेतसमोर बसवलंत, तर मी या घरात पुन्हा येणार नाही."

पत्नी रजनी वाती वळीत सारे ऐकत होती.

मी संध्येस बसलो. आचमने करता करता पंचपात्र रिते झाले.

२६ एप्रिल

ग्रंथांत निषेध शोधला. सापडला. त्याच ग्रंथात समुद्रगमनही निषिद्ध आहे. थोरल्यास दुबईच्या विमानात बसविताना नारळ मीच फोडला होता.

विमलताईंकडे जाऊन सांगितले — मुलीस विचारले नव्हते, चूक माझी.

"मंग आमाले आशा कायले लावली, भाऊ?"



भैरवीला म्हणालो, कोणी येत नाही, निश्चिंत राहा. गुंजनचे नाव मात्र ओठांवर येईना. एवढी स्तोत्रे पाठ असलेले हे तोंड!

३० एप्रिल, अक्षय्य तृतीया

आज पितरांच्या नावे जावयास जेवू घालण्याची आमच्याकडे रीत आहे. भैरवीला न्यावयास गुंजन आली होती. रजनीने कोणासही न विचारता जावयाचा पाट मांडला. "बस वं पोरी."

मी गुंजनच्या हातावर पाणी सोडले आणि पितरांना तिचे नाव सांगितले.