जुळवलेलं रीडिंग

मॅडम,

तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली, तरी आज तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. अंबरनाथच्या ज्या केमिकल कंपनीत मी लॅब सांभाळते, तिथे आज मी मालाची अख्खी बॅच अडवली. हो, मीच! पालेगावहून आलेली, पहिल्याच प्रॅक्टिकलला ब्युरेटची नळी उलटी लावणारी. प्रॉडक्शनचे साहेब धावत आले. मी लागले त्या दिवसापासून ते मला बेटाच म्हणतात. "बेटा, रीडिंगमध्ये जरासाच तर फरक आहे. जुळवून घे ना, गाडी गेटवर उभी आहे." मी म्हटलं, "साहेब, आलंय तेच लिहिणार." नोकरी जाईल की काय, हे मनात आलंच, पण तोंडातून शब्द निघून गेले होते.

जुळवून घेण्यात तर आमची बॅच पटाईत! उल्हासनगरच्या आपल्या कॉलेजात टायट्रेशन चालू आहे, थेंब थेंब सोडायचा आणि फ्लास्कमध्ये फिकट गुलाबी रंग आला की हात थांबवायचा. पण थांबतंय कोण? एक हुशार मुलगी ब्युरेटवरचा आकडा ओरडायची आणि बाकी सगळे तोच लिहायचे. त्या दिवशी माझा फ्लास्क लालभडक, आणि रीडिंग मात्र अगदी अचूक. तुम्ही फ्लास्क उजेडात धरलात. "ये क्या शरबत बनाया है? और ये रीडिंग किसका है, तेरा या पूरी बॅच का?" सगळे हसले. तुम्ही ते सिंकमध्ये ओतलंत आणि सगळे घरी गेल्यावरही मला उभं ठेवलंत. मी मुसमुसत थेंब सोडतेय, तुम्ही शेजारी उभ्या. शेवटी तो फिकट रंग आला आणि टिकला. तेव्हा तुमच्या त्या सिंधी वळणाच्या मराठीत म्हणालात, "बस. आता हे तुझं."

शेवटच्या वर्षाच्या प्रॅक्टिकल परीक्षेला सगळ्यांचा आकडा एक आणि माझा वेगळाच. मैत्रिणीने चिमटा काढला, "वेडी आहेस का? बदल!" नापास झाले असते तर घरात पुन्हा कॉलेजचं नाव काढायची सोय नव्हती. तरी नाही बदलला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी भुवया वर केल्या. तुम्ही तिथेच उभ्या होतात, पण अवाक्षर काढलं नाहीत. इतका राग आला होता तुमचा! त्या परीक्षक सरांनी स्वतः टायट्रेशन केलं आणि माझाच आकडा आला. बाहेर आले तर तुम्ही डब्यातलं दाल-पकवान माझ्या हातात कोंबलात. "पहले खा. चेहरा देख अपना." शाबासकी नाहीच! पण तुम्ही सारखा चष्मा पुसत होतात, ते मी पाहिलं.

आज साहेबांसमोर नवं सॅम्पल काढून परत तपासलं. आकडा हलला नाही. गाडी रिकामी परत गेली. साहेब खुर्चीतून उठले आणि मोठ्याने म्हणाले, "मॅडम, बरोबर होतात तुम्ही."

हे पत्र कुठे पाठवणार, म्हणून एक सांगून टाकते. त्यांनी मॅडम म्हटल्याबरोबर मी मागे वळून पाहिलं, तुम्ही आलात की काय म्हणून.