कप्तानीणबाई आणि जिवतीची कहाणी

श्रावणातला शुक्रवार, दिवेलागणीनंतर

लिहून टाकते, नाहीतर डोक्यात घोळत राहील. सून मयुरी ऑफिसातून आली की आम्ही दोघी ती अंतराळयानाची मालिका बघतो. तेवढाच वेळ ती माझ्याजवळ बसते. आधीचे भाग बरे होते. यान नव्या ग्रहावर उतरायचं, संकट यायचं, टळायचं, मी उठून कुकर लावायचे. आता चार दिवस यानाची कप्तानीणबाई काळोखात अडकलीय आणि भाग तिथेच संपतो.

आज म्हटलं, "मला नको ही. आपली जिवतीची कहाणी बघ, एका बैठकीत सुफळ संपूर्ण."

"मग आई, पारायण सात दिवस कसं करता? भक्त संकटात असला की पोथी कायमची बांधून ठेवता का?"

पारायण अर्धवट सोडू नये, हे मीच तिला शिकवलं. तिचा चेहरा उतरला होता का? उतरलाच होता. मालिका नको म्हणजे तिच्याजवळ बसणंच नको, असं वाटलं असेल का तिला?

"बरं, लाव पुढचा भाग," म्हटलं.

लगेच खुलली. "अजून चार सीझन आहेत हं, आई."

एवढं लांब पारायण जन्मात केलं नाही. बरंच आहे, तेवढ्या संध्याकाळी ती माझ्याजवळ बसेल.